एपीटीटी एकटाच लांबला: पुढच्या चाचण्या कोणत्या क्रमाने?

निळे टोपण

नमस्कार मंडळी. रक्त गोठण्याच्या तपासण्यांवर इथे सुटे प्रश्न बरेच येतात, पण क्रमवार चर्चा कुठे सापडली नाही. म्हणून हा धागा.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत नेहमी दिसणारा निकाल घेऊ. पीटी आणि एपीटीटी म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ, दोन वेगळ्या वाटांनी मोजलेला. आकडे सरावासाठी बनवलेले आहेत:

पीटी १२.८ सेकंद (संदर्भ ११ ते १३.५)
एपीटीटी ६१ सेकंद (संदर्भ २६ ते ३६)
प्लेटलेट्स व्यवस्थित. प्रौढ व्यक्ती, रक्तस्रावाचा इतिहास नाही.

माझं मत असं की, एवढ्यावर लगेच फॅक्टर ८ (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी, क्रमांकाने ओळखली जाणारी प्रथिनं) मोजायला घेऊ नये. आधी नमुन्यावर संशय घ्यावा, मग हेपरिनवर (रक्त गोठू न देणारं औषध), मग मिक्सिंग (नॉर्मल प्लाझ्मात मिसळून तीच चाचणी) करावं, आणि त्यानंतरच एकेका फॅक्टरकडे वळावं. हा क्रम तुम्हाला पटतो का? कुठे काय चुकू शकतं, तेही नेमकं सांगा. पुढचे आकडे चर्चा रंगात आली की देतो.

सायट्रेट

क्रम पटला. नमुन्यावरचा संशय म्हणजे काय काय, ते जरा फोडून सांगतो, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात.

या चाचण्यांच्या निळ्या टोपणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि रक्ताशी त्याचं प्रमाण ९ ला १. म्हणजे २.७ मिलि रक्ताला ०.३ मिलि सायट्रेट. नळी खुणेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरली तर सायट्रेट जास्त उरतं, चाचणीत घातलेलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं आणि वेळ खोटाच लांबतो. पीटीपेक्षा एपीटीटीला याचा फटका आधी बसतो, त्यामुळे ‘एपीटीटी एकटाच लांबला’ हे चित्र अर्धवट भरलेल्या नळीतूनही उभं राहतं.

फुलपाखरू सुई वापरली असेल तर तिच्या बारीक नळीतली हवा पहिल्या नळीत शिरते आणि तेवढं रक्त कमी येतं. म्हणून आधी एक नळी नुसती भरून टाकून द्यायची. ही टाकाऊ नळीसुद्धा सायट्रेटचीच किंवा काहीही न घातलेली हवी. गुठळी लवकर बनवणारं द्रव्य असलेली नळी आधी लावली तर मुद्दाच संपला. ईडीटीए आणि हेपरिनच्या नळ्या निळ्यानंतर.

भरल्यावर ३ ते ६ वेळा सावकाश उलटसुलट करायची. हलवून फेस आणायचा नाही. सेंट्रिफ्यूजला लावण्याआधी नळी तिरकी करून, प्लाझ्मा काढताना पुन्हा एकदा, बारीक गुठळी आहे का ते बघायचं. गुठळी असली तर नमुना बाद. तिच्यात फायब्रिनोजेन आणि इतर फॅक्टर खर्ची पडलेले असतात. कधी वेळ लांबतो, तर कधी रक्त आधीच चेतल्यामुळे वेळ उलट कमी येतो. दोन्ही आकडे खोटे.

रानजाई

हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) राहिलं. ते ५५ टक्क्यांच्या वर असेल तर नळी खुणेपर्यंत भरूनही सायट्रेट जास्तच होतं, कारण आत प्लाझ्माच कमी असतो. हिशेब असा:

सायट्रेट (मिलि) = ०.००१८५ × (१०० − हिमॅटोक्रिट) × रक्त (मिलि)

हिमॅटोक्रिट ६० आणि रक्त २.७ मिलि असेल तर ०.००१८५ × ४० × २.७ = ०.२० मिलि. म्हणजे नेहमीच्या नळीतून ०.१ मिलि सायट्रेट काढून टाकायचं. ते बारीक सुईने बुचातूनच काढावं, कारण टोपण उघडलं की आतला निर्वात जातो.

नवजात बाळांत आणि जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडलेल्या मुलांत ही दुरुस्ती विसरली की नसलेला आजार कागदावर येतो.

धमनी

निळे टोपण, तुमच्या क्रमाशी मी पूर्ण सहमत नाही. प्रौढ आणि रक्तस्राव नाही, तिथे ठीक आहे. पण लहान मुलाच्या सांध्यात रक्त साचलंय आणि एपीटीटी ८० आहे, अशा वेळी मिक्सिंगचे दोन तास कशाला घालवायचे? नमुना नीट आहे एवढी खात्री करून सरळ फॅक्टर ८ आणि ९ लावावेत. मिक्सिंग बाजूने चालू राहील. प्लाझ्मा थोडाच मिळतो, तो आधी कामाच्या चाचणीला वापरावा.

आणखी एक. नवजात बाळात फॅक्टर ९ मुळातच कमी असतो आणि प्रौढांच्या पातळीला यायला साधारण ६ महिने लागतात. फॅक्टर ८ मात्र जन्मतःच प्रौढांइतका. म्हणून जन्मल्या जन्मल्या हिमोफिलिया ए (फॅक्टर ८ ची कमतरता) ओळखता येतो. तीव्र हिमोफिलिया बी (फॅक्टर ९ ची) सुद्धा कळतो, पण सौम्य बी असेल तर मोठेपणी पुन्हा मोजावं लागतं.

निळे टोपण

@धमनी, रास्त आहे. रक्तस्राव समोर असेल तर क्रम बदलतो. माझा क्रम शांतपणे तपासायला वेळ असलेल्या रुग्णासाठी, असं धरून चालू.

गाळणी

सायट्रेट यांच्या यादीला पुढे जोडतो, कारण नमुना नीट घेऊनही सेंट्रिफ्यूजपाशी बिघडतो.

१५०० जी बलाला १५ मिनिटं, खोलीच्या तापमानाला. प्लाझ्मात उरलेल्या प्लेटलेट्स दर मायक्रोलिटरला १०,००० च्या आत हव्यात. हे गृहीत धरू नका. ठरावीक काळाने प्लाझ्माच काउंटरवर लावून मोजा. यंत्राचा ब्रेक जोरात लागत असेल तर थर ढवळला जातो. वरचा तीन चतुर्थांश प्लाझ्माच घ्या, पेशींच्या थराजवळ पिपेटचं टोक नेऊ नका.

लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (फॉस्फोलिपिडच्या आड येऊन चाचणीतला वेळ लांबवणारी प्रतिपिंडं) बघायचा असेल, किंवा प्लाझ्मा गोठवून ठेवायचा असेल, तर दोनदा फिरवायचा. पहिला प्लाझ्मा प्लास्टिकच्या दुसऱ्या नळीत, पुन्हा १५ मिनिटं, आणि तळाचे पाव मिलि तसेच सोडून द्यायचे. उरलेल्या प्लेटलेट्स गोठवल्यावर फुटतात, त्यांतले फॉस्फोलिपिड मोकळे होतात आणि लुपसची प्रतिपिंडं त्यांच्यावरच खर्ची पडतात. निकाल खोटा निगेटिव्ह येतो.

न फिरवलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. थंडीत फॅक्टर ७ चेततो, आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर (प्लेटलेट्सना जखमेशी चिकटवणारं प्रथिन) व फॅक्टर ८ घटतात. धडधाकट माणसाला व्हॉन विलेब्रांड आजार चिकटवायचा हा हमखास मार्ग. बर्फावर पाठवलेला नमुना सरळ परत करावा.

पीटी खोलीच्या तापमानाला २४ तास चालतो, एपीटीटी ४ तासांत करावा. हेपरिन चालू असलेल्या रुग्णाचं रक्त तासाभरात फिरवायला हवं, नाहीतर प्लेटलेट्समधून सुटणारा ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ हेपरिनला निष्प्रभ करतो आणि एपीटीटी आहे त्याहून कमी दिसतो.

गोठवलेला नमुना ३७ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटांत वितळवायचा आणि हलक्या हाताने मिसळून घ्यायचा. फ्रिजमध्ये रात्रभर हळूहळू वितळवला तर तळाशी पांढरा साका बसतो. फॅक्टर ८, व्हॉन विलेब्रांड आणि फायब्रिनोजेन त्या साक्यात अडकतात आणि वरचं पाणी आपण मोजत बसतो.

कुतूहल

वाचतेय, फार उपयोगी चर्चा. मी प्रयोगशाळेतली नाही, म्हणून प्रश्न साधा आहे. शस्त्रक्रियेआधी बीटी-सीटी लिहून देतात ना? ते दोन्ही नॉर्मल असतील तर एवढं सगळं का करायचं?

तिसरा प्रहर

@कुतूहल, प्रश्न योग्यच आहे. बीटी म्हणजे त्वचेला छोटी जखम करून रक्त थांबायला लागणारा वेळ. ड्यूक यांनी ही पद्धत १९१० साली मांडली. नंतर आयव्ही पद्धतीत दंडावर ४० मिमी दाब ठेवून हाताच्या आतल्या बाजूला जखम करायला लागले. जखमेची खोली, दिशा, त्वचेची जाडी, करणाऱ्याचा हात, यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. आणि बीटी नॉर्मल आहे म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त जास्त जाणार नाही, असं त्यावरून सांगता येत नाही.

सीटी, म्हणजे काचेच्या नळीत अख्खं रक्त गोठायला लागणारा वेळ, ही ली आणि व्हाइट यांची १९१३ ची पद्धत. ती इतकी बोथट आहे की फॅक्टर ८ अगदी तळाला गेल्याशिवाय लांबत नाही. ५ ते ४० टक्के फॅक्टर असलेला सौम्य हिमोफिलिया सीटीत सहज निसटतो, आणि नेमका तोच रुग्ण दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर थांबेनासा होतो.

या दोन्हींपेक्षा नीट विचारलेले प्रश्न कितीतरी जास्त सांगतात. आधीच्या शस्त्रक्रियेत वा दात काढताना काय झालं, पाळी किती जाते, घरात कुणाला रक्तस्राव होतो का, औषधं कोणती चालू आहेत.

कुतूहल

धन्यवाद! म्हणजे मग एपीटीटी नॉर्मल आला की निर्धास्त?

तिसरा प्रहर

तसंही नाही. एखादा फॅक्टर साधारण ३० ते ४० टक्क्यांखाली गेला की मगच एपीटीटी लांबतो, आणि हा उंबरठा रिएजंटप्रमाणे (चाचणीत घालायच्या रसायनाप्रमाणे) बदलतो. शिवाय ताप, सूज, गरोदरपण यांत फॅक्टर ८ वाढतो आणि एपीटीटी आखडतो, त्यामागे सौम्य कमतरता झाकली जाते. व्हॉन विलेब्रांड आजाराच्या बऱ्याच रुग्णांत एपीटीटी नॉर्मलच असतो.

मोजपट्टी

मूळ क्रमातल्या दुसऱ्या पायरीकडे येतो, हेपरिन.

हेपरिनने धुतलेल्या कॅथेटरमधून रक्त घेतलं की एपीटीटी ६० काय, १५० सुद्धा येतो. शक्यतो दुसऱ्या हातातून सरळ शिरेतून घ्यावं. कॅथेटरच वापरावा लागला तर आधी ५ मिलि सलाइनने धुऊन पहिलं ५ मिलि रक्त, किंवा कॅथेटरच्या आतल्या जागेच्या सहा पट, टाकून द्यावं.

फक्त पीटी नॉर्मल आहे म्हणून हेपरिन नाही, असं समजू नका. पीटीच्या बहुतेक रिएजंटमध्ये हेपरिन मारणारं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. खरी परीक्षा थ्रॉम्बिन टाइमने होते. प्लाझ्मात थोडं थ्रॉम्बिन घालायचं आणि फायब्रिनोजेनचं फायब्रिन व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. हेपरिनचा अंशही असला तरी तो लांबतो. मग रेप्टिलेज टाइम करा. हे सापाच्या विषातलं एन्झाइम आहे, हेपरिन त्याला अडवू शकत नाही. थ्रॉम्बिन टाइम लांब आणि रेप्टिलेज नॉर्मल म्हणजे हेपरिन, किंवा डॅबिगाट्रान (रक्त गोठू न देणारी गोळी). दोन्ही लांबले तर फायब्रिनोजेन कमी, किंवा त्याची घडणच सदोष.

डॅबिगाट्रान अगदी थोडं असलं तरी थ्रॉम्बिन टाइम प्रचंड लांबतो. उलट अ‍ॅपिक्साबॅन घेणाऱ्याचे पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल असू शकतात. म्हणून औषधांची यादी नमुन्यासोबतच मागून घ्यावी.

धमनी

आता मिक्सिंग. रुग्णाचा प्लाझ्मा आणि नॉर्मल पूल प्लाझ्मा समसमान, म्हणजे २०० मायक्रोलिटर अधिक २०० मायक्रोलिटर, आणि लगेच एपीटीटी. कल्पना सोपी आहे. एखादा फॅक्टर शून्य असला तरी निम्मा प्लाझ्मा नॉर्मल असल्यामुळे तो ५० टक्क्यांवर येतो आणि वेळ दुरुस्त होतो. अडथळा आणणारं काही असेल तर ते नॉर्मल प्लाझ्मालाही अडवतं आणि वेळ दुरुस्त होत नाही.

सगळी मदार पूल प्लाझ्मावर असते. तो किमान २० निरोगी लोकांचा असावा, सगळे फॅक्टर १०० टक्क्यांच्या आसपास हवेत, आणि प्लेटलेट्स काढलेल्या असाव्यात. नियंत्रणासाठी येणारा कंट्रोल प्लाझ्मा यासाठी वापरू नये. त्यात टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं असतात आणि त्याची घडण वेगळी असते.

दशांश

‘दुरुस्त झाला’ म्हणजे नक्की किती? इथे मतभेद आहेत, म्हणून आकडेमोड मांडतो.

एक मत: मिश्रणाचा वेळ संदर्भ मर्यादेत आला की दुरुस्त. दुसरं मत: रोझनर निर्देशांक काढा.

(मिश्रण − पूल) ÷ रुग्ण × १००

हा साधारण १२ ते १५ च्या वर गेला तर अडथळा धरतात. नेमकी सीमा प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या रिएजंटवर ठरवायची असते.

मी दुसऱ्या मताचा आहे. पूल ३०, रुग्ण ४२, मिश्रण ३६ असेल तर पहिल्या मताने ‘दुरुस्त’. रोझनर मात्र ६ ÷ ४२, म्हणजे १४. सौम्य लुपस असाच निसटतो.

धमनी

@दशांश, निर्देशांक काढा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. रुग्णाचा वेळ भाजक असल्यामुळे तो १२० सेकंद असेल तर मिश्रण १५ सेकंदांनी जास्त राहूनही निर्देशांक १२.५ येतो. पूल ३० असताना मिश्रण ४५ म्हणजे दुरुस्त झालेलं नाही, हे आकडा न काढताही दिसतंय. मी दोन्ही मोजमापं अहवालात लिहावीत या मताची आहे.

दशांश

हे मान्य. दोन्ही लिहावीत.

गाळणी

तत्काळ मिश्रण दुरुस्त झालं म्हणून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. फॅक्टर ८ विरुद्धची प्रतिपिंडं सावकाश काम करतात. लगेच बघितलं तर दुरुस्त दिसतं, आणि ३७ अंशांना १ ते २ तास ठेवल्यावर तेच मिश्रण पुन्हा लांबतं.

यात एक नियंत्रण हवंच. फॅक्टर ८ नुसत्या उबेनेही घटतो. म्हणून रुग्णाचा प्लाझ्मा वेगळा, पूल वेगळा, असे दोन्ही तेवढाच वेळ ३७ अंशांना ठेवायचे आणि शेवटी ऐनवेळी मिसळायचे. एकत्र उबवलेलं मिश्रण या ऐनवेळच्या मिश्रणापेक्षा स्पष्ट लांब असेल, तरच वेळेनुसार वाढणारं इनहिबिटर (फॅक्टरला अडवणारं प्रतिपिंड). नळ्यांची तोंडं झाकून ठेवा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढतो.

पुढे हे इनहिबिटर किती जोरदार आहे ते बेथेस्डा पद्धतीने मोजायचं. रुग्णाचा प्लाझ्मा वेगवेगळ्या पातळीला पातळ करून पूलबरोबर ३७ अंशांना २ तास. उरलेला फॅक्टर ८ नियंत्रणाच्या ५० टक्के असेल तर १ बेथेस्डा युनिट, २५ टक्के असेल तर २. ज्या पातळीला उरलेला फॅक्टर ५० टक्क्यांच्या सगळ्यात जवळ येतो, तिथला आकडा घेऊन पातळ केल्याच्या पटीने गुणायचं. निजमेगन सुधारणेत पूल प्लाझ्मा इमिडाझोलने ७.४ सामूवर धरतात आणि पातळ करायला बफरऐवजी फॅक्टर ८ नसलेला प्लाझ्मा घेतात. त्यामुळे १ युनिटच्या आतले खोटे पॉझिटिव्ह खूप कमी होतात. रुग्णाला नुकताच फॅक्टर दिला असेल तर आधी ५६ अंशांना ३० मिनिटं तापवून, सेंट्रिफ्यूज करून वरचा भाग वापरायचा. तापवल्याने फॅक्टर मरतो, प्रतिपिंड टिकतं.

अनुष्टुभ

लुपसबद्दल लिहितो, कारण इथली चूक रुग्णाला सर्वांत महागात पडते. फॅक्टर ८ चा इनहिबिटर आणि लुपस, दोन्हींत एपीटीटी लांबतो आणि दोन्हींत मिश्रण नीट होत नाही. पण पहिला रुग्ण रक्तस्रावाने धोक्यात असतो, दुसरा गुठळ्यांनी. उपचार अगदी उलट दिशेचे.

ओळखायच्या खुणा: लुपस सहसा लगेचच्या मिश्रणातच दिसतो आणि उबेने फारसा वाढत नाही. मग तीन पायऱ्या, छाननी, मिश्रण, खातरजमा. कमी फॉस्फोलिपिडमध्ये वेळ लांबतो, आणि भरपूर फॉस्फोलिपिड घातलं की आखडतो. यासाठी पातळ केलेल्या रसेल व्हायपर विषाची चाचणी आणि लुपसला संवेदनशील एपीटीटी, अशा दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्या कराव्यात. एक जरी पॉझिटिव्ह आली तरी पॉझिटिव्ह. १२ आठवड्यांनी पुन्हा करून टिकून आहे का ते बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. रिवारोक्साबॅन चालू असताना विषाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे औषधाची नोंद इथे फार मोलाची.

लुपस असताना फॅक्टर मोजले तर ८, ९, ११, १२ सगळेच कमी येतात आणि गोंधळ उडतो. म्हणून प्रत्येक फॅक्टर किमान तीन पातळ्यांवर मोजा, १ ला १०, २० आणि ४०. फॅक्टर ८ समजा १० पटीत ३८ टक्के, २० पटीत ५६, ४० पटीत ८१ असा चढत गेला, तर रेषा समांतर नाहीत. म्हणजे कमतरता नाही, अडथळा आहे जो पातळ करताना विरतोय. एकाच पातळीवर मोजून ३८ टक्के असा अहवाल दिला तर सौम्य हिमोफिलियाचा खोटा ठप्पा बसतो.

मोजपट्टी

अवांतर, पण महत्त्वाचं. एमिसिझुमॅब घेणाऱ्या हिमोफिलिया रुग्णाचा एपीटीटी नॉर्मल किंवा त्याहूनही कमी येतो, आणि एपीटीटीवर आधारलेली फॅक्टर ८ ची चाचणी खोटी भरमसाट येते. अशा वेळी गाईच्या फॅक्टरवर चालणारी क्रोमोजेनिक (रंगावरून मोजणारी) पद्धत वापरावी लागते, इनहिबिटर मोजतानासुद्धा. हे औषध फॅक्टर ९ए आणि १० ला एकत्र आणतं, पण ते माणसाच्याच प्रथिनांना ओळखतं, गाईच्या नाही.

रानजाई

आणखी अवांतर: आयएनआर, म्हणजे वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांसाठी पीटीचा प्रमाणित आकडा. तो म्हणजे (रुग्णाचा पीटी ÷ सरासरी नॉर्मल पीटी) चा आयएसआय (पीटीच्या रिएजंटच्या संवेदनशीलतेचा आकडा) घात. रुग्ण २४, नॉर्मल १२, आयएसआय १ असेल तर आयएनआर २. तोच आयएसआय १.३ असेल तर जवळजवळ २.५. नवा लॉट आला आणि यंत्रात जुनाच आयएसआय राहिला, तर वॉरफरिन घेणाऱ्या प्रत्येकाचा डोस चुकेल. सरासरी नॉर्मल पीटी किटच्या कागदावरून उचलायचा नसतो. आपल्या यंत्रावर किमान २० निरोगी लोकांचे नमुने लावून त्यांची भौमितिक सरासरी काढायची.

कुतूहल

एक शंका उरली. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट्स सगळं नॉर्मल, तरी रक्तस्राव होतोच आहे, असं असू शकतं?

तिसरा प्रहर

असतं. मुख्यतः तीन दारं ठोठवायची.

फॅक्टर १३. हा बनलेल्या गुठळीला टाके घालून घट्ट करतो. पीटी-एपीटीटीचं घड्याळ गुठळी दिसताच थांबतं, पुढचं त्याला कळत नाही. बाळाची नाळ पडल्यावर रक्त वाहत राहणं ही याची ठळक खूण. जुनी चाचणी म्हणजे गुठळी ५ मोलर युरियात ठेवून २४ तासांत विरघळते का बघणं. पण ती फक्त फॅक्टर जवळजवळ शून्य असतानाच पकडते. शक्य तिथे फॅक्टरची क्रियाशीलता मोजावी.

व्हॉन विलेब्रांड. अँटिजेन, क्रियाशीलता आणि फॅक्टर ८ हे तिन्ही एकत्र मागवा. क्रियाशीलता भागिले अँटिजेन ०.७ च्या खाली असेल तर दुसऱ्या प्रकाराचा विचार. ओ रक्तगटात पातळी मुळातच पाव हिश्शाने कमी असते. ताण, व्यायाम, गरोदरपणात वाढते, रडणाऱ्या मुलातसुद्धा. म्हणून एका नॉर्मल निकालावर आजार नाकारू नका, पुन्हा करा.

आणि प्लेटलेट्सचं काम. संख्या भरपूर, पण काम नाही. अ‍ॅग्रिगोमेट्रीत (प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात का ते मोजणारी चाचणी) ग्लान्झमन आजारात सगळ्या उत्तेजकांना प्रतिसाद सपाट, फक्त रिस्टोसेटिनला मिळतो. बर्नार्ड-सूलिए आजारात बरोबर उलट.

निळे टोपण

चर्चा फारच छान झाली. आता मूळ नमुन्याचे पुढचे आकडे देतो.

नवा नमुना, सरळ शिरेतून, नळी पूर्ण भरलेली, हिमॅटोक्रिट ४२: एपीटीटी ६०
थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल
पूल ३०, तत्काळ मिश्रण ३४
३७ अंशांना २ तास, एकत्र उबवलेलं ३७, ऐनवेळी मिसळलेलं ३६

ओळखा.

दशांश

रोझनर ४ ÷ ६०, म्हणजे ७ च्या आत. मिश्रण संदर्भ मर्यादेतही. एकत्र आणि ऐनवेळच्या मिश्रणात १ सेकंदाचा फरक, म्हणजे वेळेनुसार वाढणारं काही नाही. कमतरताच. रक्तस्राव नाही आणि एपीटीटी ६०, तेव्हा फॅक्टर १२. तो कमी असला तरी रक्तस्राव होत नाही, शस्त्रक्रियेला हरकत नसावी.

धमनी

@दशांश, पहिली चार वाक्यं बरोबर, पाचव्यावर घाई झाली. इथे चार उमेदवार उरतात: ८, ९, ११, १२, आणि पाचवा प्रीकॅलिक्रीन (संपर्काने गोठण सुरू करणाऱ्या साखळीतलं प्रथिन). फॅक्टर १२ ची कमतरता निरुपद्रवी हे खरं, पण रक्तस्रावाचा इतिहास नाही एवढ्यावर ११ ला बाजूला करता येत नाही. ११ मध्ये पातळी आणि रक्तस्राव यांचा मेळच बसत नाही. ज्याच्यावर आजवर शस्त्रक्रियाच झाली नाही त्याचा इतिहास कोराच असणार. तोंड, नाक-घसा, मूत्रमार्ग, जिथे गुठळी विरघळवण्याची क्रिया जोरात चालते, तिथे हे रुग्ण रक्त सोडतात.

प्रीकॅलिक्रीन वेगळं काढायला सोपी युक्ती आहे. सिलिका किंवा काओलिनचा रिएजंट घेऊन सक्रियतेचा काळ नेहमीच्या ३ ते ५ मिनिटांवरून १० मिनिटांवर न्यायचा. प्रीकॅलिक्रीन कमी असेल तर एपीटीटी नॉर्मलच्या जवळ येतो. एलॅजिक आम्लाच्या रिएजंटवर हे करून उपयोग नाही, त्याला ही कमतरता मुळात दिसतच नाही.

निळे टोपण

घ्या मग उरलेले आकडे. १० मिनिटं सक्रिय केल्यावर एपीटीटी ५८. फॅक्टर ८: १०४ टक्के, ९: ९६, १२: ८८, ११: ९. तिन्ही पातळ्यांवर रेषा समांतर.

दशांश

फॅक्टर ११. माझं अनुमान चुकलं, आणि ‘हरकत नसावी’ लिहिणं तर मुळीच योग्य नव्हतं. १५ ते २० टक्क्यांखाली तीव्र कमतरता धरतात, तेव्हा ९ टक्के असताना रक्तविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय शस्त्रक्रिया नको.

सायट्रेट

अहवालाबद्दल एक. ‘एपीटीटी लांबलेला, फॅक्टर ११ कमी’ एवढंच लिहू नका. मिश्रणाचे चारही आकडे, उबवण्याचा काळ, थ्रॉम्बिन टाइम, रिएजंटचं नाव आणि लॉट, फॅक्टर किती पातळ्यांवर मोजला, हे सगळं द्या. आणि फॅक्टर ११ दुसऱ्या दिवशी नवा नमुना घेऊन पुन्हा मोजा, कारण तो आयुष्यभर रुग्णाच्या नावासमोर राहणार आहे. गोठवलेला प्लाझ्मा त्यासाठी वापरू नका. फॅक्टर ११ गोठवण्या-वितळवण्यात चेतू शकतो आणि आकडा खरा आहे त्याहून जास्त दिसतो.

गाळणी

@सायट्रेट, आणि नळी प्लास्टिकची किंवा आतून सिलिकॉन लावलेली हवी. साध्या काचेला लागून संपर्काने चेतणारे फॅक्टर ११ आणि १२ तिथेच जागे होतात.

निळे टोपण

दोन्ही मुद्दे वर मूळ क्रमात जोडतो. धमनीताई, लहान मुलांसाठी वेगळा क्रम तुम्ही म्हणालात, तो नवजात बाळांच्या वयवार संदर्भ मर्यादांसह लिहाल का? त्यावर स्वतंत्र धागा काढू.

धमनी

लिहिते. टाचेतून घेतलेलं रक्त या चाचण्यांना का चालत नाही, तिथून सुरुवात करते.